ओढीचं औषध

धाकट्या लेकाचे दात मनगटात रुतले तरी गादीवालीनं हात ओढला नाही. ओढला की मांस त्याच्या तोंडात राहतं, हे ती कधीच शिकली होती. उलट तिनं हात आणखी आत रेटला. धाकट्याला उबळ आली, जबडा सैल पडला, आणि मग तो स्वतःचंच डोकं खांबावर आपटायला लागला. तिनं मध्ये तळवा धरला.

“आपट. खांब तुझ्या बापानं बांधलाय ना.”

चोवीस वर्षांचा बैल, पण आई कुठली नि उशी कुठली, त्याला सारखंच. बोलणं नाही, बघणं नाही. काठीनं कापूस झोडायचं काम तेवढं पक्कं. जुन्या गादीतले गठ्ठे तो असे झोडी की शेजारी म्हणत, या घरात रोज कुणाचा तरी मुडदा पडतो.

मोठ्या दवाखान्यात अशा मुलांचा अभ्यास चालला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, “डोक्यात एक रस तयार होतो, मावशी. माणसाला माणसाची ओढ लागते, त्यात त्याचा हात असतो.”

“गाय वासराला चाटते, तो?”

“तोच.”

“मग ह्याच्या वाटचा कुणी चाटला?”

बाई हसल्या. रोज सकाळी धाकट्याच्या नाकात त्या रसाचा फवारा सुरू झाला. फवारताना दोनदा त्यानं तिचं नाक फोडलं. तिनं पदर लावला आणि फवारा मारलाच.

मग एका सकाळी काठी थांबली. गादीवालीनं मान वर केली, तर धाकटा बघत होता. तिच्याकडे. थेट डोळ्यांत. जवळ आला, कापसानं भरलेला पंजा तिच्या गालावर ठेवला आणि तसाच उभा राहिला.

“काय बघतोस? शिंगं फुटली का मला?” ती म्हणाली, आणि हातातलं दाभण तिच्या बोटात शिरलं ते तिला कळलंच नाही.

त्यानंतर तो रोज बघे. ती उठली की उठे. गादीवाली गल्लीतून राणीसारखी चालायला लागली.

थोरला लेक आला तो तिचं मनगट बघून भडकला. “आई, हा एक दिवस तुझा जीव घेईल. संस्थेत टाक त्याला.”

“तुलाच टाकते. तू तर बोलूनही डोकं उठवतोस.”

“मस्करी नकोय मला,” तो ओरडला आणि त्यानं तिचा दंड धरून हलवला.

झोडण्याचा आवाज थांबला. पहिली काठी थोरल्याच्या कोपरावर बसली, दुसरी तोंडावर. दात कापसात पडले. गादीवाली थोरल्यावर आडवी झाली. धाकट्यानं काठी टाकली, तिला दोन्ही हातांनी अलगद उचललं, नव्या गादीवर ठेवलं, तिच्या डोळ्यांत बघितलं. मग काठी उचलून तो पुन्हा थोरल्याला झोडायला लागला. गल्लीतल्या चार माणसांनी त्याला दाबला तेव्हा थोरल्याची सुटका झाली.

“ओढ वाढली की कधी कधी परक्यांवरचा रागही वाढतो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “याच्या बाबतीत तेच झालं का, नक्की नाही सांगता येत.”

“परका? सख्खा भाऊ आहे त्याचा.”

“त्याच्यासाठी तुम्ही एकट्याच आपल्या असाल, मावशी. बाकी सगळे अजून बाहेरचे.”

गादीवालीनं पदर खोचला.

“फवारा बंद करा,” ती म्हणाली. “एकानं बघावं म्हणून दुसऱ्याची हाडं नाही देणार मी. दोघंही याच पोटातले.”

“तो पुन्हा पहिल्यासारखा होईल.”

“होऊ द्या. पहिल्यासारख्याची सवय आहे मला.”

महिन्याभरात त्याची नजर सुटली. आता तो झोडताना समोरच्या खिडकीकडे बघे. तिथं काही नव्हतं, गंजलेले गज तेवढे.

गादीवालीनं आपला पाट उचलला आणि खिडकीखाली नेऊन टाकला. बसून बघितलं, बुटकी पडत होती. तिनं खाली दोन उशा घेतल्या, मान त्याच्या नजरेच्या वाटेत आणली, आणि तशीच ताठ बसून टाके घालायला लागली.