दोनशे गोंडे, पाणी मारून

मी गोंडा. तांबड्या लोकरीचा, मुठीएवढा, बैलाच्या कपाळावर डुलायला केलेला. आता कपाळावर नाही, दुसरीकडेच आहे, ते पुढे येईल. तुम्ही म्हणाल, गोंड्याला मेलं सांगण्यासारखं काय असणार? असतं, बाबांनो. माझ्या नावापायी दोनशे माणसं भर आषाढात ओली उभी राहिली आणि एका साहेबाला भाषण विसरायला झालं. ऐका तर खरं.

आधी नावाचंच सांगतो. माझं नाव लोकांनी जिकडे तिकडे नेऊन चिकटवलं. बाईच्या वेणीला गोंडा, पाळण्याच्या दोरीला गोंडा. तुर्की टोपीवर काळा झुलतो तो माझा थोरला भाऊ, त्याची ऐट विचारू नका. खारीची शेपूट गोंडेदार. म्हणणाऱ्यानं खारीला विचारलेलं नसतं. पोराचं नाक वाहत असलं तरी आई त्याला गोंडस म्हणते. इथवर चालून गेलं. पण कुत्रं भाकरीसाठी शेपूट हलवायला लागलं की लोक म्हणतात, गोंडा घोळतंय. आणि माणूस साहेबापुढे वाकला की त्यालाही तेच म्हणतात. वाकणार माणूस, लाज जाणार माझी. मी तर जन्मभर दोन शिंगांच्या मधे ताठ बसलो.

आमच्या भागातल्या शाळेचे गुणवंतराव मास्तर म्हणायचे, हा शब्द कानडी मुलखातून चालत आला. मास्तरांनी कानडी मुलूख पाहिलेला नाही, मीही नाही. मला एवढं ठाऊक, मी चांद्याला जटपुरा दरवाज्याजवळ खुर्शीदाच्या मांडीवर जन्मलो.

खुर्शीदा पटव्याची बायको. नवरा दागिने गाठायचा, ही गोंडे करायची. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवायची, बोटांवर लोकर गुंडाळायची, मधोमध आवळायची आणि कातरीनं टोकं कापायची. कातर चालली की मी फुललो. माझ्या जोडीला माझा जुळा भाऊ. दोघांना पुरेल एवढी लाल लोकर नव्हती, म्हणून तिनं दोघांच्याही पोटात एकेक हिरवा धागा घातला.

"वरून दिसत नाई," ती म्हणाली. "पोटात काय हाये, कोन पाह्यते?"

हा हिरवा धागा लक्षात ठेवा.

आम्हाला घेतलं बुधरीनं. आलापल्लीच्या अलीकडे, रानात, दहा-बारा घरांचं गोंडांचं गाव. नाव सांगत नाही, उगाच कागदावर यायचं. बुधरी तिथली. नवरा गेलेला, घरात म्हातारा सासरा कोलू, आणि दोन बैल. एक टसर रेशमाच्या रंगाचा, त्या रेशमाला आमच्याकडे कोसा म्हणतात, म्हणून कोसा. दुसऱ्याला रानात मोहफुलं दिसली की गाडीसकट तिकडे वळायचा, म्हणून मोहा. बुधरीनं बाजारात चारोळी ओतली आणि आम्हाला उचललं.

"पायजे तर पाहून घे बाई, गाठ पक्की हाये," खुर्शीदा म्हणाली.

"गाठीचं काय पाहू? माह्या बैलानं मान हालवली का समजते."

कोसाच्या कपाळावर मी बसलो, मोहाच्या कपाळावर माझा भाऊ. दोन वर्षं आम्ही बांध्या तुडवल्या. धानाच्या शेताला आमच्याकडे बांधी म्हणतात. बुधरीची एकच बांधी, आणि तिच्यावर दोन पोटं. मिरगाला पऱ्हे टाकायचे, म्हणजे धानाची रोपं. ती हातभर झाली की बैलांनी बांधीत चिखल करायचा आणि रोवणा उरकायचा. चिखल वेळेवर झाला नाही तर पऱ्हे जागच्या जागी पिवळे पडतात, आणि मग वर्षभर कंद खणून खा.

त्या वर्षी, सत्तावन्न साली, पऱ्हे टाकून महिना झाला असेल. जंगलखात्याच्या लटारू नाकेदारानं कोसाला आणि मोहाला सागाच्या नव्या रोपवनात चरताना धरलं. आता बैल साग खातो का? मी कोसाच्या तोंडापासून दोन वीत वर बसत होतो, मला विचारा. तो गवत खात होता. पण नाकेदारानं मोहाची म्होरकी अशी ओढली की माझा भाऊ तुटून झुडपात पडला. आम्ही नाक्यावर पोचलो तेव्हा जोडीतला मी एकटा होतो.

बुधरी दुसऱ्या दिवशी आली. तिच्या खोप्यात माझा भाऊ खोचलेला. रान हुडकून काढला होता तिनं.

"नाकेदारभाऊ, माहे बैल द्या. रोवण्याचे दिवस हायेत."

"चौकशी चालू हाये बाई."

"कोनाची?"

"बैलाची."

"मंग बैलाले पुसा ना लवकर."

नाकेदार हसला नाही. बैलांना कोंडवाड्यात न्यायचं सोडून त्यानं त्यांना आपल्याच घराची लाकडं ओढायला जुंपलं होतं. त्याला चौकशी म्हणत. बुधरी चार वेळा आली. प्रत्येक वेळी पऱ्हे किती पिवळे पडले ते सांगायची. चौथ्या वेळी नुसती कोसाच्या मानेवरून हात फिरवून गेली. मानेला जू घासून घट्टा पडला होता.

तशात जंगलखात्याचा नवा साहेब आला. नागपूरकडचा जुना गेला, मुंबई राज्य झालं, आणि हा थेट कोकणातून आमच्या रानात. त्याला वनमहोत्सव करायचा होता. सागाच्या रानात झाड लावायला माणूस दोनशे कोस लांबून येतो, यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही. त्याची चिठी आधी आली. मी खुंट्याला बांधलेल्या कोसाच्या कपाळावरून सगळं ऐकलं. मास्तरांनी ती नाकेदाराला वाचून दाखवली:

"समारंभासाठी दोनशे गोंडे लागतील. निम्मे पिवळे, निम्मे तांबडे. सकाळीच आणून, पाणी मारून ठेवावेत."

नाकेदार खाटेवर बसला. "दोनशे गोंड. कुठून आनू? रोवने चालू हायेत."

मास्तर म्हणाले, "गोंड नाही हो, गोंडे. गोंडचं अनेकवचन गोंडच होते. गोंडे म्हणजे हे," आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. माझी छाती भरून आली. जन्मात पहिल्यांदा कुणी व्याकरणात माझी बाजू घेतली.

"बरं, मास्तर. लोकरीच्या गोंड्याले पानी काऊन मारावं?"

मास्तरांनी चिठी पुन्हा वाचली. पाणी मारून, असंच होतं. ते चष्मा पुसत बसले. चष्मा पुसणारा माणूस हरला असं समजावं.

"पानी मारून म्हनजे आंघोय घालून," नाकेदार म्हणाला. "सायेब मोठा साफसफाईचा दिसते. पिवये म्हनजे पिवये फेटे, तांबडे म्हनजे तांबडे. समजलं."

आणि तो निघाला पाड्या-पाड्यावर, चिठी हलवत. जो येणार नाही त्याच्या गुरांना रानबंदी, म्हणाला. लोक रोवणा टाकून आले. समारंभाच्या सकाळी नाल्यावर त्यांना रांगेत उभं केलं आणि नाकेदारानं स्वतः बादलीनं पाणी मारलं, कारण कागदात 'मारून' लिहिलं होतं.

म्हाताऱ्या कोलूच्या डोक्यावर बादली रिकामी झाली तेव्हा तो शांतपणे गोंडीत म्हणाला, "देवापुढं बकऱ्यावर असंच पानी मारतेत. ते थरथरलं का देवानं कबूल केलं. आम्ही आता थरथरू का मंग थरथरू?"

रांगेत हसं पिकलं. नाकेदाराला गोंडी येत होती, पण त्या दिवशी त्यानं येत नाही असं दाखवलं.

साहेबाची जीप नाल्याच्या चिखलात रुतली. नाकेदारानं लगेच गाडी सजवली, कोसा-मोहाला जुंपलं आणि साहेबाला आणायला गेला. "हे बैल घरचेच हायेत, सायेब. तुमच्यासाठी खास," तो म्हणाला. बोलताना इतका वाकला की मला घोळल्यासारखं झालं. एवढ्यापुरतं मान्य करतो, त्या वेळी माझं नाव योग्य जागी लागलं असतं.

मांडवाशी पोचलो. बांबूची कमान उघडीबोडकी. तिच्या दोन्ही बाजूंना माणसं, एका बाजूला पिवळी कापडं, दुसऱ्या बाजूला तांबडी, सगळ्यांच्या केसांतून पाणी टपकतंय. साहेब खूश झाला. "लोक बरेच जमलेत." मग त्यानं कमानीकडे पाहिलं.

"गोंडे कुठे आहेत?"

"हे काय, उभे हायेत, सायेब."

"कुठे?"

"समोरच. चौघं तापानं पडले, बाकी पुरे हायेत. पिवये उजव्या हाताले, तांबडे डाव्या हाताले. मी सोता पानी मारून आनले."

साहेबाचा चेहरा उजवीकडे गेला, डावीकडे गेला, आणि मग त्याला जागा सापडेना. "अहो, गोंडे म्हणजे फुलं," तो हळू आवाजात म्हणाला. "झेंडू. कमानीला लावायची फुलं."

"झेंडूले आम्ही झेंडूच म्हनतो, सायेब," नाकेदार म्हणाला. आयुष्यात तेवढंच एक वाक्य तो खरं बोलला असेल.

मास्तर पुढे सरसावले. "कोकणात झेंडूला गोंडा म्हणतात वाटतं. म्हणजे पाहा, शब्दाचा अर्थ..." साहेबानं त्यांच्याकडे असं पाहिलं की अर्थ तिथंच थांबला. मग त्यानं चिडून नाकेदाराला विचारलं, "ते राहू द्या. पण माझे गोंडे आहेत कुठे?"

आता ऐका. गोंडीत बैलाला कोंदा म्हणतात. तांबड्या रांगेतून बुधरी पुढे आली.

"कोंदे ना, सायेब? ते इथीच हायेत. तुमी आत्ता त्याइच्याच गाडीतून उतरले. पन ते तुमचे नाई. माहे हायेत."

साहेबानं गाडीकडे पाहिलं, मग नाकेदाराकडे. "हे तर तुमचे घरचे बैल ना?"

"ही बाई जराशी... तिचा नवरा मेल्यापासून..."

बुधरीनं वाद घातला नाही. ती कोसाजवळ आली आणि खोप्यातून माझा भाऊ काढला. पावसानं त्याचा रंग उतरलेला, माझा उन्हानं. तिनं दोन बोटांनी माझं पोट उसवलं, मग त्याचं. आत एकेक हिरवा धागा.

"एका हातचे हायेत. एक त्यानं आनला, एक मले झुडपात घावला. आता पुसा त्याले, माहा गोंडा त्याच्या बैलाच्या डोक्यावर काऊन हाये?"

नाकेदार म्हणाला, "चौकशी चालू हाये, सायेब."

पण त्या दोन रांगा जागच्या हलल्या नाहीत. टप टप पाणी गळत राहिलं. साहेबाला भाषण करायचं होतं, ते खिशातच राहिलं. खाली मान घालून तो म्हणाला, "हे लोक कसे आले?"

"तुमची चिठी होती, सायेब," बुधरीच बोलली. "दोनशे पायजे म्हने. रोवना टाकून आलो, पानी मारून घेतलं. आता घरी जाऊन काय सांगू, तुमाले फुलं पायजे होती म्हनून?"

साहेब वाईट माणूस नव्हता. पण तो बुधरीच्या दुःखानं विरघळला असं मी सांगणार नाही, कारण मी पाहत होतो. त्याला भीती वाटली ती आपल्या सहीची. चिठीवर त्याची सही होती, आणि ती चिठी नाकेदाराच्या खिशात होती. "बैल आत्ताच्या आत्ता देऊन टाका," तो म्हणाला, आणि घाईघाईनं खड्ड्यात गुलमोहर लावला. कोसाचं जू तेव्हाच सोडलं होतं. तो दोन पावलं गेला आणि त्यानं गुलमोहराचा शेंडा खाल्ला. ह्या वेळी मात्र त्यानं खाल्लं, मी नाकारत नाही.

त्या दुपारीच मी बुधरीच्या बांधीत होतो. आमच्या गावचे आणि शेजारच्या पाड्यांचे लोक अंगावरची पिवळी-तांबडी कापडं बांधावर टाकून चिखलात उतरले. निम्मे पऱ्हे मेलेले, निम्म्यांचा रोवणा झाला. अर्धी बांधी हिरवी झाली, अर्ध्या बांधीत त्या वर्षी बेडूक ओरडले. कोलू म्हणाला, "पोट बी अर्धंच करू."

पुढं मास्तरांनी पेपर वाचून दाखवला. दोनशे आदिवासी बांधव पारंपरिक वेशात, उत्स्फूर्तपणे वृक्षारोपणास हजर राहिले, असं छापलं होतं. पाणी मारल्याचं नव्हतं. लटारू नाकेदाराची बदली झाली सिरोंच्याकडे, लोक म्हणतात बढतीवर. आणि आमच्या भागात माझ्या नावाला आणखी एक अर्थ चिकटला. कागद एक मागतो आणि सरकार दुसरंच करून बसतं, त्याला आता म्हणतात, गोंडा झाला. मास्तरांनी तो वहीत लिहून ठेवला. कानडी मुलखातून आलेला नाही, असं पुढे लिहिलं की नाही, माहीत नाही.

त्या हिवाळ्यात मोहा गेला. कोसा एकटा उरला, त्याला गोंड्याची ऐट नको झाली. बुधरीनं मला सोडवलं, भावाशी एका दोऱ्यात ओवलं, आणि आम्ही दोघं तिच्या खोप्यात आलो. लोकर विटली, टोकं झिजली, खुर्शीदानं पाहिलं तर ओळखणार नाही. पोटातला हिरवा धागा तेवढा तसाच आहे.

पुढच्या वर्षी वनमहोत्सवाची चिठी आली ती अगदी नीट होती. झेंडूची फुले, दोनशे. कुणी माणूस मागितला नव्हता. नव्या नाकेदारानं त्याच पंधरवड्यात पाड्यांवरच्या कुऱ्हाडी जप्त केल्या होत्या. घरच्या चुलीला फाटा तोडायची सोय राहिली नव्हती. बुधरीनं कुणाला काही सांगितलं नाही, फक्त तांबडं कापड अंगावर घेतलं आणि निघाली. नाल्यापाशी मागे वळून पाहिलं तर मागे लोकच लोक. पाऊस पडत होता.

कमानीला झेंडू लावलेले होते. साहेबानं त्यांच्याकडे समाधानानं पाहिलं, मग दोन्ही बाजूंना उभ्या राहिलेल्या रांगांकडे पाहिलं, आणि त्याचा हात कोटाच्या खिशातल्या भाषणावरच राहिला.

"तुम्हाला कुणी बोलावलं?" नवा नाकेदार म्हणाला.

बुधरीनं खोप्यावरचं पाणी निपटलं. आम्ही दोघं तिच्या कानाशी डुललो.

"गोंडे आले, सायेब," ती म्हणाली. "अवंदा पानी पावसानंच मारलं. आता कुऱ्हाडीचं बोला."

एवढंच माझं सांगणं. शब्द म्हणून मला कुठंही लावा, वेणीला लावा, टोपीला लावा, झेंडूला लावा. फक्त कागदावर लिहिण्याआधी एकदा विचारत जा, कोणता. नाहीतर आम्ही सगळेच येतो.