ट्रॉलीमागची पावलं

बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत सरिता ट्रॉली ढकलायची. सुताने भरलेल्या बॉबिनी शेडच्या पार दुसऱ्या टोकाला न्यायच्या, रिकाम्या परत आणायच्या. दिवाळीनंतर गिरणीने सगळ्यांच्या मनगटावर पट्टे बांधले. कोण किती पावलं चाललं, ते ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दिसायचं.

आठवड्याच्या आतच सुपरवायझर प्रेमानंदने तिला बोलावलं.

"सरिताताई, तुमचं नाव सगळ्यात खाली येऊन राहिलं. बसता का कुठी?"

"कुठी बसू भाऊ? स्टूल तरी हाये का इथं?"

प्रेमानंद भला माणूस. तो तिच्यासोबत एक फेरी चालला, तिच्या पट्ट्यावरच्या आकड्यावर नजर ठेवून. तिच्या दोन्ही मुठी दांड्यावर घट्ट होत्या. शेड संपली तरी तिचा आकडा जवळपास होता तिथंच. त्याचा स्वतःचा मात्र भराभर वाढला होता.

"हात हालला तरच मोजते हे," तो म्हणाला. "मी वर सांगतो."

त्याने खरंच सांगितलं. पट्टे तपासूनच घेतले आहेत, असं उत्तर आलं. काम जमत नसेल तर बाई बदला.

"काहून ऐकत नाही ते? तुम्ही तं डोळ्यानं पायलं."

"पायलं ताई. पण माह्या पाहण्याले तिथं कोण विचारते?"

शेजारच्या मशीनवरच्या गोपिकाने तोड सुचवली. "एका हातानं ढकल वं. पट्ट्याचा हात मोकळा सोड."

सरिताने तसं केलं. आकडा चढू लागला. पण भरली ट्रॉली एका हाताने आवरेना. संध्याकाळी घरी पोळ्या लाटताना खांदा उचलवत नव्हता. तरी ती दुसऱ्या दिवशी तशीच ढकलत राहिली. दुपारी वळणावर चाक घसरलं, ट्रॉली कलंडली आणि बॉबिनी तेलकट फरशीवर गडगडत गेल्या. ती गुडघ्यांवर बसून पदराने एकेक पुसत होती. सूत काळं झालं होतं.

सकाळी तिला वेस्टच्या खोलीत टाकल्याचं कळलं. तिथं खराब कापसाची गाठोडी बांधायची होती. पट्टा सोडायला प्रेमानंद स्वतः आला.

"आकडा तं वाढला होता ना, भाऊ?"

"हो. वाढला होता."

त्याने बकल काढून पट्टा खिशात टाकला. मग तिने नाकाला रुमाल बांधला आणि धुळीने भरलेल्या त्या खोलीत गेली.