पलंगापर्यंतची वायर

“काकू, पंख्याला लावायचीय ना? मग ही बारीक चालेल की,” दुकानदार म्हणाला.

“पंख्याला नाही, बोलायच्या रेडिओला. बारा व्होल्टचा आहे, पण संदेश पाठवताना वीस अँपिअर ओढतो. जाड, पण मऊ दाखवा.”

ह्यांच्या त्या डब्याला मी जन्मभर सवत म्हणत आले. आता सवतीसाठीच बाजार पालथा घालत होते. घशाच्या ऑपरेशनमध्ये ह्यांचा आवाज गेला. पण रेडिओवर टकटक करून मोर्सच्या खुणांत बोलता येतं, त्याला घसा लागत नाही. अजून उठवत नाही, म्हणून रेडिओ पलंगाशी आणला. बॅटरी जड, ती गॅलरीतच राहिली. मी घरातली बारीक वायर जोडली, आणि ह्यांनी कळ दाबली की रेडिओच बंद पडायचा. एवढ्या लांबच्या बारीक वायरीत वीज वाटेतच दमते. शेवटी ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ते मला बघवलं नाही.

मग परवा जाड एकतारी वायर आणून पाहिली. ती इतकी ताठ, की रेडिओलाच टेबलावरून ढकलायला लागली. ताठ माणसाशी संसार केलाय, तेवढं पुरे आहे.

“ही बघा, मऊ. अस्सल तांबं,” दुकानदाराने दुसरं वेटोळं पुढे केलं.

मी शिवणकाम करते. मऊ म्हटलं की बोटं चाचपणारच. पिशवीतल्या ब्लेडने एक तार खरवडली. आत पांढरी.

“वरून कीर्तन, आतून तमाशा! भाऊ, हा तांब्याचा नुसता मुलामा आहे.”

तो ओशाळून हसला आणि आतून खरी काढली. केसासारख्या तारांची, जाड असून वेणीसारखी वळणारी. गॅलरी ते पलंग अंतर मी कापडाच्या टेपने मोजलंच होतं. लाल एक, काळी एक, म्हणून दुप्पट घेतली.

घरी येऊन जोडली. ह्यांनी कळ दाबली. रेडिओचा दिवा जरासुद्धा मंद झाला नाही. थोड्या वेळाने ह्यांच्या जुन्या मित्राची टकटक आली आणि मग दोघांचं बराच वेळ चाललं. ह्यांचा चेहरा बघून माझा जीव भांड्यात पडला.

“काय विचारत होते भाऊजी?”

ह्यांनी उशाची पाटी घेतली. लिहिलं, ‘इतके दिवस कुठे होतास?’

“मग ऑपरेशनचं सांगितलंत?”

ह्यांनी मान हलवली. नाही.

“अहो, मग काय सांगितलंत?”

‘वायर खराब होती,’ ह्यांनी लिहिलं.

मी पाटी पुसून पुन्हा उशाशी ठेवली.