पुराची कॅसेट

चैतालीला राग आला की ती भांडी घासते. त्या आठवड्यात घासलेलीच भांडी पुन्हा घासली जात होती, आणि तिच्या वाटेला जायची कुणाची छाती होत नव्हती.

कारणही तसंच होतं. तिची आई यशोदाबाई लग्नाआधी नृत्यनाट्यात नाचायची. गोदावरीच्या पुरावरचं एक नृत्यनाट्य तेव्हा टीव्हीवर लागलं होतं, आणि त्यात आई पूर झाली होती. नावाड्याची बायको नाही, गावातली पोर नाही, साक्षात पूर! हे लेकीला कळलं ते आईबरोबर नाचलेल्या सायखेड्याच्या भागुबाईकडून, कुणाच्या तरी मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात. आईने इतक्या वर्षांत ब्र काढला असेल तर शपथ.

मग चैताली त्या रेकॉर्डिंगच्या मागे हात धुऊन लागली. टीव्ही केंद्रातून उत्तर आलं, त्या वेळच्या टेपा पुसून पुन्हा वापरायचे. जुने कार्यक्रम जमवणाऱ्या एका गृहस्थांनी कळवलं, नाव ऐकलंय, पाहिलेलं नाही. शेवटी आईच हळूच म्हणाली, "एक कॅसेट मला दिली होती टीव्हीवाल्यांनी. ओझरला राहिली, नानांकडं."

नाना म्हणजे आईचे मोठे दीर. विमानाच्या कारखान्यातून रिटायर झालेले. गल्लीत पहिला व्हीसीआर आपण आणला, हे अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगणारे. तो व्हीसीआर केव्हाच भंगारात गेला होता. चैतालीने भद्रकालीतल्या एका दुरुस्तीवाल्याच्या हातापाया पडून दुसरा मिळवला, आईला बरोबर घेतलं आणि ओझर गाठलं.

नानांनी कपाटातून लगेच कॅसेट काढली. "ही घे. आमच्या राकेशच्या लग्नाची."

"आईची कुठंय?"

"तीच की ही! शूटिंगवाला लग्नाची कॉपी करून द्यायला घरी आला, आन् घरात कोरी कॅसेट नाय. हिची पडूनच होती."

चैतालीने कॅसेट उलटी केली. कडेचा छोटा प्लास्टिकचा तुकडा मोडलेला होता. तो मोडला की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. ज्याला आतलं जपायचं असतं, तोच तो मोडतो. आणि त्या भोकावर, पिवळी पडलेली, नीट कापून लावलेली चिकटपट्टी.

"तुकडा कुणी मोडला होता?"

"मी," आई म्हणाली.

"आणि पट्टी?"

नाना हसले. "कारखान्यातली माणसं आम्ही. भोक बुजवलं की मशीन फसतं."

चैतालीच्या डोक्यात तिडीक गेली. "म्हणजे तुम्हाला दिसलं होतं! कुणीतरी हे जपून ठेवलंय हे दिसलं, म्हणूनच पट्टी लावलीत ना?"

"एवढं काय तापायचं? नाचगाणंच तर होतं. आन् माझं तरी कुठं राहिलं? कॉपी करताना माझं भाषण सुरू झालं आन् लाईट गेली. लय भारी बोललो होतो मी. सगळा हॉल उभा राहिलेला. आजवर कुणाला दाखवता आलं नाय."

चैतालीला नानांचा राग आला, पण त्याहून जास्त आईचा आला. "आणि तू गप्प बसलीस? नेहमीसारखी?"

आई दिवाणावर मांडी घालून बसली. "लग्न लाव," एवढंच म्हणाली.

लग्न सुरू झालं. त्रिशरण झालं, पंचशील झालं, फुलं पडली. कोपऱ्यात पाण्याचा जग घेऊन पंगतीत वाकलेली आई दोनदा दिसली. मग नाना माईकपुढे आले, घसा खाकरला, "उपस्थित मान्यवर" म्हणाले, आणि पडद्यावर मुंग्या आल्या.

"बघ, हितंच गेली लाईट. इथून पुढं काय नाय. आम्ही बंदच करतो नेहमी."

चैताली उठली. आईने तिचा हात धरला. "थांब."

मुंग्या हलल्या, आणि निळ्या साडीतली एक मुलगी रंगमंचाच्या कडेने धावत आली. केस सुटलेले, हात पसरलेले. ती आली तशी झोपड्या कोसळल्या, नावाडी लोळले. तिच्या डोळ्यांत असा संताप होता की चैताली टीव्हीच्या आणखी जवळ गेली. हे डोळे तिने आईच्या चेहऱ्यावर कधी पाहिले नव्हते.

"हे यात कसं राहिलं?" नाना म्हणाले.

आईची नजर पडद्यावरच होती. "लाईट गेली नव्हती, नाना. कॉपी चालू असताना तुम्ही सगळे जेवायला बसलात आणि मशीनपाशी मला बसवलंत. पूर मशीनच्या कुठल्या आकड्यावर येतो ते मला पाठ होतं. तुमचं भाषण सुरू झालं, तो आकडा आला, मी बटण दाबून कॉपी थांबवली."

"माझं भाषण! अगं, एका शब्दानं विचारायचं तरी!"

"पट्टी लावताना तुम्ही विचारलं होतं?"

नानांचा चेहरा लालबुंद झाला. ते टीव्ही बंद करायला रिमोट शोधू लागले. टेबलावर पाहिलं, उशीखाली पाहिलं, चैतालीवर खेकसले.

रिमोट आईच्या मांडीखाली होता.