दोन धन्यांची कचरागाडी

मित्रांनो, नाक दाबू नका. मी एक जुनी कचरागाडी असले तरी आज धुतलेली आहे.

माझा जन्म जपानचा. जहाजातून मी फिजीतल्या या बंदराच्या गावी आले. पालिकेने मला विकत घेतले आणि सेमेसा माझा चालक झाला. तो रोज सकाळी माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणायचा, "चल म्हातारे, गाव उठायच्या आत!"

मग पालिकेने एका कंपनीशी भागीदारी केली. गाडी पालिकेची, माणसे आणि डिझेल कंपनीचे. सेमेसाही आता कंपनीचा झाला. माझ्या आरशाला फुलांची माळ घातली, भाषणे झाली. पहिले वर्ष झकास गेले. पुलापलीकडच्या खारफुटीतल्या वस्तीतही मी जाऊ लागले.

पुढे कचरा दाबणाऱ्या यंत्राची नळी फुटली आणि तेल गळू लागले.

"गाडी पालिकेची, दुरुस्ती त्यांनीच करायची," कंपनीचे व्यवस्थापक तोमासी म्हणाले.

"वापरता तुम्ही, मोडलीत तुम्ही!" पालिकेचे शिउनाथ साहेब म्हणाले.

मी पालिकेच्या आवारात कुंपणाशी उभी राहिले. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. इंजिन धडधाकट होते, टाकीत डिझेल होते, आणि एका नळीपायी जागचे हलता येत नव्हते! फाटकाबाहेर कुणाचीही गाडी वाजली की मला वाटायचे, आले बाई कुणीतरी. कुणीच येत नव्हते. कंपनीच्या छोट्या गाड्या बाजारपेठेपुरत्या फिरायच्या. पुलापलीकडे कुणी फिरकत नसे. तिथला कचरा नाल्यात साचला, उंदीर वाढले. मोठा पाऊस झाला आणि ते घाण पाणी घराघरांत शिरले.

एका सकाळी बाजारात अळकुड्या विकणारी लोसालीनी वस्तीतल्या बायकांना घेऊन आवारात आली. तिने दोन्ही साहेबांना बोलावून घेतले होते. माझ्या पुढच्या चाकाशी चटई अंथरून तिने यंगोनाच्या मुळांची जुडी त्या दोघांपुढे ठेवली; ही मुळे कुटून आमच्याकडे मानाचे पेय करतात. आमच्याकडे अशी जुडी पुढे आली की मागणे ऐकल्याशिवाय उठता येत नाही. दोघेही चटईवर बसले.

"माझी लेक आना तापाने इस्पितळात आहे," ती म्हणाली. "शेजारचे पेनाया आजोबा काल गेले. उंदरांनी घाण केलेल्या पाण्यातून येणारा ताप म्हणतात डॉक्टर. आता बोला, गाडी कुणाची?"

"बाई, करारात असं आहे की..." शिउनाथ साहेबांनी सुरुवात केली.

"करार राहू दे, भाऊ. आईबाप भांडतात आणि पोरं उपाशी झोपतात, तशी गत केलीत आमची. मी काही उठत नाही. तुम्ही उठून दाखवा!"

यंगोनाची वाटी फिरली, रिवाजाच्या टाळ्या वाजल्या, पण कुणी हसले नाही. तोमासी रिकामी वाटी खाली ठेवत म्हणाले, "मेकॅनिक मी देतो."

"नळी मी आणतो," शिउनाथ साहेब पुटपुटले.

त्याच आठवड्यात मी पूल ओलांडला. सेमेसाने वस्तीतला नाला उपसला. पुढे आना बरी होऊन घरी आली. पेनाया आजोबांच्या दारावरून जाताना मात्र सेमेसा आजही वेग कमी करतो.

मी अजून धावते, पण जिवाला स्वस्थता नाही. इंजिन जरा खोकले की धास्ती वाटते, पुन्हा वाद सुरू झाला तर?

मित्रांनो, तुमच्या गल्लीतही अशी एखादी गाडी येत असेल. ती एक दिवस आली नाही, तर ती कुणाची हे नंतर विचारा. आधी तिला शोधायला निघा.