अंतरपाट सोडायच्या आधी

मी अंतरपाट बोलतोय. लग्नात नवरा-नवरीच्या मध्ये धरतात ते कापड. मंगलाष्टकं चालू असेपर्यंत सगळ्या मांडवाची नजर माझ्यावर, आणि शेवटचं 'सावधान' झालं की मला ओढून कुठल्यातरी खुर्चीवर टाकतात. मग पंगती बसतात आणि माझी आठवण थेट पुढच्या लग्नात होते. याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मी बाजूला झालो तरच दोन माणसं एकमेकांना दिसणार, हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे.

विट्याच्या एका यंत्रमागावर मी विणला गेलो. अंबूबाईच्या वडिलांनी लेकीच्या लग्नासाठी मला घेतलं, कुंकवानं माझ्यावर स्वस्तिक काढलं. माझ्या एका बाजूला अंबूबाई, दुसऱ्या बाजूला फौजेतून सुट्टीवर आलेला जोतिबा. दोघांचा संसार चांगला झाला आणि श्रेय मात्र मला मिळालं. तासगावजवळच्या त्यांच्या गावात कुणाचंही लग्न निघालं की बायका मला मागून न्यायच्या. माझ्याआडून टाचा उंचावून डोकावणारे नवरदेव मी पुष्कळ पाहिले. नवऱ्या मुलीही काही कमी नसतात, त्या फक्त खालून बघतात.

एरवी मी सोप्यातल्या पलंगाखाली ट्रंकेत असतो. त्यामुळं घरातलं सगळं बोलणं माझ्या कानावर पडतं.

जोतिबाची थोरली लेक संयोगिता शिकून शिरवळच्या एका कारखान्यात इंजिनियर झाली. तिथं नवी मशिनं बसवायला अमेरिकेहून मार्टिन आला. कामगारांमध्ये राहून तो मराठी शिकला, म्हणजे 'चालतंय की' एवढंच शिकला. चहा गार झाला तरी चालतंय की, लाईट गेली तरी चालतंय की. याच माणसाशी लग्न करायचं असं संयोगितानं घरी सांगितलं, तेव्हा जोतिबा बरेच दिवस घरी जेवलाच नाही, डबा द्राक्षबागेत मागवायचा. शेवटी मार्टिनच बागेत गेला आणि त्याच्या डब्यातली अर्धी भाकरी मागून खाल्ली. तिथं जोतिबा विरघळला.

खरी अडचण पुढं होती. मार्टिनचं काम संपलं, तो परत गेला. घरी त्याची आई एकटी, फुप्फुसं निकामी होत चाललेली, विमानात बसणं डॉक्टरांनी बंद केलेलं. तो एकुलता एक. आईला सोडून इकडं राहणं त्याला शक्य नव्हतं, म्हणजे संयोगितानंच तिकडं जायचं.

त्या देशात जायच्या दोन वाटा होत्या. संयोगिताचा धाकटा भाऊ वीरधवल, त्यानं त्या सोप्यात बसून आई-वडिलांना समजावल्या. एक वाट ठरलेल्या नवरीची. तिनं बिनलग्नाची जायचं आणि पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत तिथं लग्न करायचं. दुसरी लग्न झालेल्या बायकोची. इथं लग्न करायचं, नोंदवायचं, अर्ज करायचा आणि मग बसायचं वाट बघत.

"पयल्या वाटंनं मार्टिनच्या आईला लग्न डोळ्यांनी बघाय मिळंल," संयोगिता म्हणाली. "तेवढंच मागनं हाय तिचं."

"बिनलग्नाची लेक परक्याच्या घरात धाडायची?" जोतिबा म्हणाला. "गावात काय सांगू मी?"

"आबा, त्याची आई हाय तिथं. आणि लय दीस न्हाईत तिच्याजवळ."

जोतिबानं नाखुशीनंच होकाराची मान हलवली. सांगलीच्या वकीलबाईंनी कागद केले आणि बजावलं, 'साखरपुडा करा, फोटो काढा. पण मंगळसूत्र नको आणि अक्षताही नकोत. लग्न झालं असं दिसलं की ही वाट बंद.' घरातल्या सगळ्यांनी हो म्हटलं.

साखरपुड्यासाठी मार्टिन थोड्या दिवसांची रजा काढून आला. आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेल. साखरपुड्याला माणसं जमली की कुणीतरी एक म्हणतोच, आता लग्नच उरकून टाका. त्या दिवशी म्हणाला तो नाथाजी, मुलीचा मामा. त्याचं कोईमतूरला सोनं गाळायचं दुकान, विट्याची निम्मी माणसं याच धंद्यात.

"दुकान बंद ठिवून आलोय दाजी. पुन्यांदा कवा यायचो? आणि तिकडच्या लग्नाला आमाला कोन नेनार हाय? मांडव हाय, भटजी हाय, पावणं हायत. मामाच्या हातनं भाचीचं लगीन लागू द्या की."

पाहुण्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. सगळ्यांना ते पटलं, कारण जोतिबाच्या मनातही तेच होतं. अंबूबाईनं ट्रंक उघडली आणि मला बाहेर काढलं. जन्मात पहिल्यांदा मला ट्रंकेतच राहावंसं वाटलं.

"आबा, नको," संयोगिता हळूच म्हणाली.

"पावण्यांसमोर माझी मान खाली घालू नगंस. नोंदनी कुठं करतोय आपन?"

तिनं बापाचा चेहरा पाहिला आणि ती उभी राहिली. मार्टिनला वाटलं, हाही साखरपुड्याचाच भाग असेल. भटजींनी विचारलं तेव्हा तो हसून म्हणाला, "चालतंय की."

माझं एक टोक भटजींच्या हातात होतं, दुसरं वीरधवलच्या. मंगलाष्टकं संपली, ताशा वाजला, अक्षता पडल्या. भटजींनी मला खाली घेतलं, पण वीरधवलनं मूठ सोडली नाही. त्याला सगळं कळत होतं. नाथाजीनं हसत हसत मला हिसका दिला आणि माझा कोपरा टर्रकन फाटला. लोक हसले. तिन्हीसांजेपर्यंत गळ्यात डोरलं घातलेल्या संयोगिताचे फोटो गावभर मोबाईलवर फिरले.

वकीलबाईंनी ते पाहिले आणि कपाळाला हात लावला. "व्हिसाच्या मुलाखतीत विचारतील, लग्न झालंय का? काय सांगाल?"

घरी आल्यावर नाथाजी म्हणाला, "न्हाई म्हनायचं. कागुद कुठं हाय?"

संयोगिता बापासमोर बसली. "आबा, तुमीच सांगा. मी मार्टिनची बायकू हाय का न्हाई?"

"हायस," जोतिबा म्हणाला.

"मग तिथं न्हाई कशी म्हनू?"

उभी हयात फौजेत काढलेला तो माणूस उठला आणि बागेत निघून गेला.

पहिली वाट त्यांनी आपण होऊन सोडली. आईला शेजारणीच्या हवाली करून मार्टिन पुन्हा आला, सांगलीच्या कचेरीत रीतसर नोंद झाली, तो परत गेला आणि दुसऱ्या वाटेवरची वाट बघणं सुरू झालं. ते अजून संपलेलं नाही. जोतिबा रोज विचारतो, "आज काय आलं का गं?" ती नाही म्हणते. तो बागेत जातो. बाप-लेकीत भांडण नाही, पण पहिल्यासारखं बोलणंही नाही. ते ऐकवत नाही मला.

फाटका अंतरपाट आता कोण मागून नेणार? मी ट्रंकेत तळाला गेलो होतो. परवा सकाळी मात्र जोतिबानं स्वतः मला बाहेर काढलं. मार्टिनचा फोन आला होता, आईचे फार दिवस उरले नाहीत. मला वाटलं, आता हा मला बंबात घालणार. त्यानं मला झटकलं आणि लेकीला म्हणाला, "फोन लाव. म्हातारीला म्हनावं, लगीन बघा."

स्टुलावर तांब्याला टेकवून फोन ठेवला. पलीकडं पलंगावर ती थकलेली बाई, नाकाला नळी, शेजारी मार्टिन. अलीकडं संयोगिता. मध्ये मी, एक टोक जोतिबाच्या हातात, फाटकं टोक वीरधवलच्या. भटजी नव्हते. अंबूबाईनं आठवतील तेवढी मंगलाष्टकं म्हटली, मध्येच विसरली, पुन्हा म्हटली. 'सावधान' झालं तरी मी हललो नाही. जोतिबानं तोंड माझ्याआड लपवलं होतं.

"पोरांनू," तो तिथूनच म्हणाला, "सोडू का?"

मार्टिन यावेळी चालतंय की म्हणाला नाही. त्यानं आधी विचारलं, "संयोगिता?"

"सोडा आबा," ती म्हणाली.

मी खाली आलो. पलीकडच्या म्हातारीनं लग्नाच्या फोटोत पाहिलेलं लक्षात ठेवलं असावं. तिनं रिकामी मूठ कशीबशी उचलली आणि आमच्या दिशेनं उघडली.

त्या अक्षता अजून तरी इथं पोचलेल्या नाहीत, आणि परवानगीही. अंबूबाईनं माझा कोपरा शिवलाय, जोतिबानं मला लेकीच्या बॅगेत सगळ्यात वर ठेवलंय. ती बाई असेपर्यंत मी तिथं पोचेन की नाही, कुणास ठाऊक. तुमचं माझ्याकडं काम पडेल तेव्हा एवढंच करा. मला खुशाल ताणा, हळद सांडा, खुर्चीवर फेका. फक्त सोडायच्या आधी, माझ्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्यांना एकदा विचारा.