कारण न देता

मंगळवारी दारावर आलेल्या माणसाकडून मी समुद्र विकत घेतला. बुधवारी सकाळी कंपनीची माणसं येऊन तो मागच्या खोलीत बसवून गेली.

आम्ही सोलापुरात राहतो, तिसऱ्या मजल्यावर. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या वन्सं, नवऱ्याची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून आम्ही दोघीच. मागची खोली वन्संची.

विकणाऱ्याचं नाव बिराजदार. अकरा वाजता "दोनच मिनिटं, काकू" म्हणत आत आला, तो साडेचारपर्यंत उठला नाही. मी "विचार करून सांगते" म्हटलं की त्याची खुर्ची वीतभर पुढे सरकायची. तो पाय हलवत नव्हता. शेवटी त्याचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागले आणि माझी पाठ भिंतीला.

"एकच नग उरलाय, काकू. उद्या मागाल तर नसणार."

त्यानं एकदाचं जावं म्हणून मी सही केली. 'नको' म्हणायचं होतं, पण तो शब्द मला वेळेवर येत नाही. लग्नाच्या वेळीही आला नव्हता.

समुद्र चांगला होता. रंग दाखवला तसाच होता, वासही खरा. वन्सं खाटेवर बसलेल्याच होत्या, माणसांनी खाटेखालून पाणी सोडलं. "पायाला गार लागतंय," त्या खुशीत म्हणाल्या. गुरुवारी खाट दारापासून दहा हात लांब गेली. शुक्रवारी मी ताट वाढून दाराशी उभी राहिले, तेव्हा ती काडेपेटीएवढी दिसत होती.

"वन्सं, जेवायला या!"

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "तू बसून घे, शैला. मला पोचायला उद्या होईल."

शनिवारी त्या पोचल्या नाहीत. दुपारपर्यंत खाटही दिसेना. मी बिराजदारला फोन लावला.

"समुद्र परत घेऊन जा."

"का बरं, काकू? कारण तर सांगा."

"घर दमट झालंय."

"सोलापूरच्या कोरड्या हवेला चांगलंच की ते."

तो हे बोलला आणि स्वयंपाकघराची भिंत करकरत हातभर आत आली. ओटा माझ्या पोटाला लागला.

"आवाज फार होतो."

"दोन दिवसांत सवय होते बघा."

छत खाली उतरलं. मी वाकून पंखा बंद केला.

"माझ्या वन्सं लांब गेल्यात. दिसत नाहीत."

"म्हणजे खोली केवढी मोठी झाली! लोक त्याच्यासाठीच तर घेतात."

आता दाराची चौकट अरुंद झाली. माझ्याजवळ अजून पुष्कळ कारणं होती आणि सगळी खरी होती. पण उभं राहायला जागा उरली नव्हती. मी फोन ठेवला.

रविवारी मी छताखाली उकिडवी बसून पावती वाचली. पुढून वाचली, मग उलटी करून मागून. मागे खसखशीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : घरी येऊन विकलेला माल सात दिवसांच्या आत, कारण न देता, लेखी कळवून परत करता येईल. 'कारण न देता' हे मी बोट ठेवून तीनदा वाचलं.

सोमवार सातवा दिवस. मी एका कागदावर लिहिलं, 'समुद्र नको. घेऊन जावा.' खाली सही केली. तेच दुसऱ्या कागदावर लिहिलं आणि बिराजदारला बोलावून घेतलं. तो कमरेत वाकून आत आला आणि खुर्चीवर बसला.

"माल खराब निघाला का, काकू?"

"नाही."

"शेजारच्यांनी कान भरले का?"

"नाही."

"मग कारण काय?"

कारणं अगदी जिभेवर आली होती. मी ओठ मिटून घेतले. त्याची खुर्ची जागची हलली नाही. भिंतींचा करकर आवाजही थांबला.

"कारण नाही. नको."

छत हातभर वर गेलं. दोन दिवसांनी मला मान ताठ करता आली.

"वापरलाय तुम्ही तो. दहा भरत्या होऊन गेल्यात."

"नको."

"माझी नोकरी जाईल, काकू."

तो खरंच बोलत असावा. मला वाईट वाटलं. तरी मी म्हटलं, "नको. ही घ्या प्रत, आणि या दुसरीवर पोहोच म्हणून सही करा."

त्यानं सही केली. "मागची बाजू कुणी वाचत नाही," तो हळूच म्हणाला.

मग पँट दुमडून तो मागच्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि वाळलेली नऊवारी ओढून घ्यावी तसा समुद्र ओढून घड्या घालू लागला. पाऊण तासानं लांबवर खाट दिसली. काडेपेटीएवढी, मग पाटाएवढी, मग खाटेएवढी. तिच्यामागून मागची भिंत आली, खिडकीसकट. मी चौकटीला धरून रडत होते आणि हसतही होते. दार पुन्हा रुंद झालं होतं, मला सरळ आत जाता आलं.

वन्संचं नाक उन्हानं सोललं होतं. "शैला, आधी काहीतरी खायला दे गं," त्या म्हणाल्या. "दोघींना."

खाटेच्या पायथ्याशी आणखी एक बाई बसली होती. साठीची असेल. जांभळं पातळ अंगाला चिकटलेलं, हातात एक पावती, तिच्यावरची अक्षरं धुऊन गेलेली.

"हिला वाटेत वर घेतलं मी," वन्सं म्हणाल्या. "हिच्या घरी आठवा दिवस उजाडला होता."

बिराजदारनं तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. समुद्राचं गाठोडं काखेत मारून तो जिना उतरून गेला.

"तुमचं घर कुठं?" मी तिला विचारलं.

तिनं एक पाय खाली सोडला, अंगठ्यानं फरशी दाबून पाहिली, मग पूर्ण पाऊल टेकवलं. मग पुढची फरशी दाबून पाहिली. मग त्याच्या पुढची.